झाकली मूठ उघडताना

घरातील मोठ्या माणसाची आर्थिक फसवणूक झाली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तुम्हांला एवढेही कसे कळले नाही?’ विचारणारा कधी मायेने विचारतो, कधी संतापाने. ऐकणाऱ्याच्या मनावर मात्र एकच घाव बसतो. आपण आता निकामी झालो, अशी त्याची समजूत होते आणि तो गप्प बसतो. वृद्धत्वाचे वैद्यक, मेंदूविज्ञान, मानसशास्त्र आणि बँकव्यवहार या क्षेत्रांतील अभ्यासक अलीकडे या विषयाकडे ज्या दृष्टीने पाहत आहेत, ती दृष्टी समजून घेतली तर हा प्रश्न निष्ठुर आहे, एवढेच नव्हे, तो चुकीच्या जागी बोट ठेवतो, हे पटते.

आरोग्याच्या पाक्षिकात हा विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. आयुष्यभराची पुंजी एका दिवसात गेलेल्या माणसाची झोप उडते, अन्नावरची वासना जाते, रक्तदाब वाढतो, औषधांत काटकसर सुरू होते. त्याहून खोल जाते ती लाज. चारचौघांत जाणे थांबते, फोन उचलणे थांबते, आणि एकटेपणाचे दुखणे जडते. अमेरिकेतील मार्क लॅक्स आणि ड्यूक हान या दोन अभ्यासकांनी २०१५ साली एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिताना वाढत्या वयातील या आर्थिक असुरक्षिततेचा विचार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून करावा, असे सुचवले होते. वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात, तेव्हा आपण रुग्णाला दोष देत नाही; घरातील निसरड्या फरशीचा आणि कठड्याचा विचार करतो. येथेही विचार त्याच दिशेने व्हावा, असा त्यांचा रोख आहे.

आपल्या देशात आज या प्रश्नाचे सर्वांत भयावह रूप म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार या आणि अशा प्रकारच्या गुन्ह्यांच्या २०२२ साली ३९,९२५ तक्रारी नोंदल्या गेल्या आणि त्यांत सुमारे ९१ कोटी रुपये गेले. २०२४ साली तक्रारी १,२३,६७२ झाल्या आणि गेलेली रक्कम सुमारे १,९३५ कोटींवर पोहोचली. तक्रारी तिपटीने वाढल्या. रक्कम वाढली ती वीसपटींहून अधिक. याचा सरळ अर्थ असा की, प्रत्येक सावजाकडून आता पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी रक्कम काढून घेतली जाते. मोठी रक्कम एका ठिकाणी साठवलेली कोणाकडे असते? निवृत्तीनंतर मुदत ठेवींच्या व्याजावर जगणाऱ्यांकडे.

या सापळ्याची रचना आपण एकदा शांतपणे पाहून घेऊ. प्रथम फोन येतो : आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत, किंवा आपल्या आधार क्रमांकावर घेतलेल्या सिमकार्डावरून गुन्हा घडला आहे. मग फोन ‘वरिष्ठांकडे’ जोडला जातो. व्हिडिओ कॉलवर गणवेशातील माणूस दिसतो, मागे राजमुद्रा, टेबलावर फायली. तो आपले नाव, पत्ता, कधी बँकेचे नावही बरोबर सांगतो. पुढे तीन आज्ञा होतात. कॅमेरा बंद करायचा नाही. खोलीबाहेर जायचे नाही. घरात कोणालाही काही सांगायचे नाही; सांगाल तर त्यांनाही आरोपी करू. शेवटी सुटकेचा मार्ग दाखवला जातो : सर्व पैसे ‘तपासणीसाठी’ अमुक खात्यात भरा, निर्दोष ठरलात की परत मिळतील. हे तासन्‌तास चालते, कधी दिवसचे दिवस.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे कळत कसे नाही? पहिले उत्तर असे की, याचा शिक्षणाशी किंवा हुशारीशी फारसा संबंध नाही. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल हे आयुष्यभर मोठे उद्योग सांभाळलेले गृहस्थ. ऑगस्ट २०२४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांच्यासमोर सर्वोच्च न्यायालयाची संपूर्ण बनावट सुनावणीच व्हिडिओवर उभी करण्यात आली आणि त्यांच्याकडून ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यांनी तक्रार केली, पोलिसांनी त्वरेने हालचाल केली आणि सव्वापाच कोटींच्या आसपास रक्कम परत मिळाली. पुढे ते या प्रकाराविषयी उघडपणे बोलले, हे अधिक महत्त्वाचे. त्यांच्या बोलण्यामुळे किती जण सावध झाले असतील, याचा हिशेब कोणी मांडू शकणार नाही.

दुसरे उत्तर मानसशास्त्राकडे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅनली मिलग्रॅम यांनी केलेला एक प्रयोग १९६३ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेच्या अधिकाऱ्याच्या वेषातील एक माणूस शांत स्वरात सांगत राहिला, म्हणून ४० पैकी २६ जणांनी पलीकडच्या माणसाला ४५० व्होल्टपर्यंतचे, म्हणजे शेवटच्या पायरीपर्यंतचे विजेचे धक्के देण्याची कळ दाबली. धक्के खोटे होते. दाबणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. ही साधी, भली माणसे होती. अधिकाराचा स्वर कानी पडला की विवेक कसा बाजूला सरतो, याचे ते दर्शन होते. आपल्याकडे तर ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ऐकत पिढ्या वाढल्या. ज्याने उभ्या आयुष्यात पोलीस ठाण्याचा उंबरा ओलांडला नाही, त्याला ‘अटक’ हा शब्दच पुरेसा असतो. कायदा मानणाऱ्या माणसाची कायद्याविषयीची भीती हेच ठगाचे भांडवल आहे.

तिसरे उत्तर वयाचे, आणि ते जपून समजून घ्यायला हवे. शिकागो येथील रश विद्यापीठात पॅट्रिशिया बॉयल व त्यांचे सहकारी वृद्धांच्या निर्णयशक्तीचा दीर्घकाळ अभ्यास करीत आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात ६४४ वृद्धांशी सरकारी संस्थेच्या नावाने बनावट संपर्क साधण्यात आला. त्यांचे सरासरी वय ८५ च्या घरात होते. दोनतृतीयांशांहून अधिक जणांनी प्रतिसादच दिला नाही. सुमारे १५ टक्के जण बोलले, पण शंका घेत बोलले. सुमारे १६ टक्के जणांनी मात्र कसलीही शंका न घेता विश्वास ठेवला. म्हणजे बहुसंख्य ज्येष्ठ सावध असतात. आणि तरीही सहा जणांमागे एक जण सापडतो. एवढे प्रमाण ठगाला पुरते, कारण तो दिवसाला शेकडो फोन लावतो.

याच गटाच्या २०१९ मधील अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. स्मृतिभ्रंश नसलेल्या ९३५ वृद्धांपैकी ज्यांची फसवणुकीविषयीची सावधता कमी होती, त्यांच्यात पुढील काळात स्मृतिभ्रंश दिसून येण्याची शक्यता अधिक होती. फसलेल्या प्रत्येकाला हा आजार आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. परंतु नेहमी काटेकोर हिशेब ठेवणारी व्यक्ती बिले विसरू लागली, अनोळखी माणसांना पैसे देऊ लागली, तर तिला रागावण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढा बोध घरच्यांनी अवश्य घ्यावा.

आता या विषयाचा गाभा. ठगाच्या त्या तीन आज्ञांपैकी सर्वांत महत्त्वाची कोणती? ‘कोणालाही सांगू नका.’ बाकी सारा देखावा या एका आज्ञेच्या आधारावर उभा असतो. शेजारच्या खोलीतील सुनेने दार उघडून ‘काय चालले आहे?’ एवढे विचारले तरी तो कोसळतो. म्हणूनच ठग आधी माणसाला माणसांपासून तोडतो.

आणि आपला कायदा नेमके याच्या उलट सांगतो. राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे आणि तिला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटकेची माहिती नातेवाइकाला किंवा मित्राला तातडीने देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. फोनवर किंवा व्हिडिओवर अटक करण्याची कसलीही तरतूद आपल्या कायद्यात नाही. चौकशीला हजर राहण्याची पोलिसांची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वाचकहो, एवढे एकच लक्षात ठेवले तरी पुरे : खरा पोलीस घरच्यांना कळवतो, खोटा पोलीस घरच्यांपासून लपवायला लावतो. गणवेश, शिक्के, आवाज यांची नक्कल करता येते. हल्ली तर नातवाच्या आवाजाचीही करता येते. गुप्ततेची ही मागणी मात्र ठगाला टाळता येत नाही, आणि आपण त्याला तेथेच ओळखू शकतो.

यावरून अभ्यासकांचा भर कोठे सरकत आहे, ते ध्यानात येईल. पूर्वी सारा भर ‘जागृती’वर होता : ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका. हे आवश्यकच आहे. पण भीतीने गोठलेल्या माणसाला त्या क्षणी पाठ केलेले नियम आठवत नाहीत. त्याला दोन गोष्टी वाचवू शकतात : थोडा वेळ आणि दुसरा माणूस. म्हणून तंत्रज्ञानाची आणि बँकांची रचनाच अशी करावी की, मोठा व्यवहार होण्यापूर्वी या दोहोंना जागा मिळेल, असा आता विचार होतो आहे.

जपानमध्ये ‘अहो, मीच बोलतोय’ असे म्हणत मुलाच्या नावाने वृद्धांना लुबाडणारे फोन या शतकाच्या आरंभापासूनच येऊ लागले. तेथे बँकेच्या खिडकीवरील कर्मचारी मोठी रक्कम काढणाऱ्या वृद्ध ग्राहकाला आपुलकीने दोन प्रश्न विचारतात. काही बँकांनी बराच काळ एटीएमवरून पैसे पाठवलेले नाहीत अशा वृद्धांसाठी त्या सुविधेवर मर्यादा घातली. घंटी वाजताच ‘हे संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे’ असे समोरच्याला ऐकवणारी दूरध्वनी यंत्रे नगरपालिका वृद्धांना देतात.

ब्रिटनने जबाबदारीच बदलली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंतची भरपाई देणे तेथील बँकांवर बंधनकारक झाले. त्याचा निम्मा भार पैसे पाठवणाऱ्या बँकेने आणि निम्मा पैसे स्वीकारणाऱ्या बँकेने उचलायचा. भामट्याचे खाते ज्या बँकेत उघडले गेले, तिलाही झळ बसली पाहिजे, हा त्यामागील विचार. शिवाय फसवणुकीचा सबळ संशय असल्यास व्यवहार आणखी ७२ तासांपर्यंत रोखण्याची मुभा बँकांना देण्यात आली.

सिंगापूर एक पाऊल पुढे गेले. १ जुलै २०२५ पासून अमलात आलेल्या कायद्याने, एखादी व्यक्ती फसत असूनही ते मानायला तयार नसेल, तर अखेरचा उपाय म्हणून तिच्या खात्यावरील व्यवहार काही काळ थांबवण्याचा आदेश पोलीस देऊ शकतात. येथे मात्र आपण थबकावे. प्रौढ माणसाला आपल्या पैशाचा निर्णय स्वतः घेण्याचा, प्रसंगी चुकण्याचाही, अधिकार आहे. त्याच्या भल्यासाठी तो अधिकार किती काळ आणि कोणी बाजूला ठेवावा? या प्रश्नाचे सोपे उत्तर नाही. आपल्या घराघरांत हाच वाद लहान रूपात चालू असतो. ‘बाबांच्या हातातून फोन काढून घ्या’ असे म्हणणारा मुलगा बाबांना ठगापासून वाचवतो खरा. पण त्यांच्या भिशीच्या मंडळापासून, भजनाच्या गटापासून, परगावच्या बहिणीपासूनही तोडतो. जे ठगाला हवे असते, तेच मग घरचे आपण होऊन करतात. फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. फोनवर काय घडले ते सांगायला घरात कोणीतरी असणे, हा उपाय आहे.

अमेरिकेत २०१८ पासून गुंतवणूक संस्थांना ग्राहकाकडे एका ‘विश्वासातील व्यक्ती’चे नाव मागावे लागते. तिला पैशावर कोणताही अधिकार नसतो. काही संशयास्पद दिसले तर तिला फोन करायचा, इतकेच. ही व्यवस्था आपण कोणत्याही कायद्याची वाट न पाहता घरी करू शकतो. ज्येष्ठ वाचकांनी आजच एक नाव ठरवावे. मुलगा वा मुलगीच हवी असे नाही. भाची चालेल, शेजारी चालेल, रोज सकाळी बरोबर फिरायला येणारा मित्र चालेल. ठरावीक रकमेच्या वरचा कोणताही व्यवहार त्या व्यक्तीशी बोलल्यावाचून करायचा नाही, असा स्वतःचाच नियम करावा. बँकेत जाऊन रोजच्या ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा कमी करून घ्यावी. मुदत ठेव मोबाइलवरून मोडण्याची सोय बंद करता येते का, ते विचारावे. मोठी ठेव दोघांच्या नावे आणि दोघांच्या सहीने चालणारी ठेवल्यास एका घाबरलेल्या क्षणी ती मोडली जाणार नाही. कुटुंबात एक खुणेचा शब्द ठरवावा. पैशासाठी घाबऱ्या आवाजात फोन आला तर तो शब्द विचारावा.

काळजी घेणाऱ्यांनी काही बदलांकडे लक्ष ठेवावे. खोलीचे दार अकारण बंद राहणे, फोन दिवसभर चार्जरला लावलेला असणे, कुजबुजत बोलणे, जेवण किंवा फेरफटका चुकणे, ठेव मोडण्याची घाई आणि कारण विचारताच टाळाटाळ, हे बदल एकत्र दिसले तर जवळ जाऊन बसावे. ओरडू नये, त्या माणसाच्या मनात आधीच पुरेशी भीती भरलेली असते. ‘फोन ठेवा, आपण दोघे आपल्या भागातल्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारू. खरे असेल तर तेही सांगतील,’ एवढे शांतपणे म्हणावे.

आणि पैसे गेलेच, तर पहिले काही तास मोलाचे असतात. १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा, बँकेला कळवावे, सरकारी सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात वेगाने पळवले जातात. ते वाटेतच गोठवता आले तर परत मिळण्याची आशा असते. संदेश, क्रमांक, पावत्या पुसू नयेत. ‘पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा’ असे सांगणारा पुढचा फोन हीदेखील फसवणूकच असते. आणि बोलायला कोणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही विनाशुल्क एल्डरलाइन आहे.

हे सारे एकट्या व्यक्तीने आणि तिच्या घरच्यांनी निभवायचे, असा मात्र याचा अर्थ नव्हे. पलीकडे एखादा लबाड माणूस नसतो, एक उद्योगच उभा असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने म्हटले होते की, नोकरीच्या आमिषाने नेऊन ऑनलाइन फसवणूक करायला भाग पाडलेली किमान १ लाख २० हजार माणसे म्यानमारमध्ये आणि सुमारे १ लाख कंबोडियात असावीत. भारतातील तरुणही अशा ठिकाणांहून सोडवून आणले गेले आहेत. शिवाय आपल्या गावा-शहरांत चार पैशांच्या कमिशनसाठी आपले बँकखाते भाड्याने देणारी मुले आहेत. त्यांच्या खात्यांवाचून हा पैसा हलूच शकत नाही. बेकारी, एकटेपण आणि पापणी लवण्याआधी पैसे पोहोचवणारे तंत्र या तिन्हींच्या संगमावर हा गुन्हा वाढतो. म्हणून व्यवहाराला थोडा विलंब, संशयित खात्यांवर बँकांची नजर आणि हानीतील वाटा या मागण्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आपल्या बैठकांत मांडायला हव्यात. संघाच्या मासिक सभेत रक्तदाब तपासला जातो, तसा ‘या महिन्यात कोणाला असा फोन आला?’ हा प्रश्नही विचारला जावा.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणत आलो. घरातल्या अनेक गोष्टींना ते लागूही पडते. येथे मात्र मूठ झाकलेली राहिली तर सव्वा लाख जातात आणि त्यांच्या मागोमाग माणूसही खचतो. तेव्हा ज्येष्ठ वाचकांना विनंती एवढीच की, फोन ठेवताच जवळच्या माणसाला हाक मारावी. फोन खोटा वाटला तरी आणि खरा वाटला तरी. आणि ती हाक ऐकणाऱ्यांनी ‘कसे कळले नाही?’ या प्रश्नाऐवजी ‘बरे झाले, सांगितले,’ असे म्हणावे. पुढच्या वेळी हाक ऐकू येईल की नाही, ते या पहिल्या वाक्यावर ठरते.